एका चिरुटाला साडेचार हजार : पैसे नेमके कशाचे?

व्हर्नियर
मंडळी, आधीच सांगतो, मी रोजचा ओढणारा नाही. वर्षातून दोन-तीनदा, तेही मोठी ऑर्डर पास झाली की. आमच्या घरात आजोबांपासून सिगारला चिरूटच म्हणतात, त्यामुळे पुढेही तेच लिहीन.

वाळूजला माझं छोटं टूलरूम आहे. गेल्या डिसेंबरात एका गिऱ्हाइकाने खूश होऊन क्युबन चिरुटांचा दहाचा डबा दिला. जाता जाता म्हणाला, "जपून ओढा, एक साडेचार हजाराला पडतो." ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात चूक कोणाची हेच ठरलेलं नाही. मी डबा जपून ठेवला. जपून म्हणजे शयनगृहातल्या लोखंडी कपाटात, बायकोच्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात.

मे महिन्यात पुतण्याचं लग्न झालं. पाहुणे गेल्यावर रात्री गच्चीवर डबा उघडला. दिवसा बेचाळीस होतं, रात्रीही छपराचा पत्रा गरम. पहिला चिरूट हातात घेतला तर वाळल्या पत्रावळीसारखा कडकड वाजला. टोक कापलं आणि वरचं पान टोकापासून मध्यापर्यंत उकललं. पेटवला. पहिला झुरका कडू, आणि मागून साड्यांच्या कपाटाचा वास. डांबरगोळ्या! दुसरा काढला, तीच गत. म्हणजे नऊ हजारांचा धूर झाला आणि तोंडाची चव तेवढी गेली.

महिन्याभराने मुंबईला गेलो होतो. तिथे दुकानात निकाराग्वाचा एक चिरूट चौदाशेला घेतला. पन्नास मिनिटं चालला, एकदाही विझला नाही, राख बोटभर लांब होईपर्यंत पडली नाही. तेव्हापासून डोक्यात एकच हिशोब घोळतोय. वरचे एकतीसशे रुपये कशाचे? जाणकारांनी सांगावं. "शौकाला मोल नसतं" हे उत्तर चालणार नाही, माझ्या शॉपवर प्रत्येक जॉबला मोल असतं.

ता. क. सवयीने डब्यातल्या आठही चिरुटांना व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावला. जाडी चौसष्टांश इंचात मोजतात, ५० नंबरचा म्हणजे ५०/६४ इंच, म्हणजे १९.८४ मिलिमीटर. माझ्याकडचे १९.२ ते २०.१ निघाले.

फुकटचा सल्ला
साडेचार हजारात पोतंभर डाळ येते अन् वर सुट्टे पैसे उरतात. धागा बंद करा.

हळदीचा मामा
व्हर्नियर भाऊ, मी वसमतचा, हळदीचा धंदा. आयुष्यात एकही चिरूट ओढला नाही. पण तुमचं दुखणं लगेच कळलं, ते मालाचं नाही, साठवणीचं आहे. वैशाखात मराठवाड्यात दुपारी हवा एवढी कोरडी असते की कुंकवाचा करंडा उघडा ठेवला तर वाटीत धूळ राहते. अन् तुम्ही पान गुंडाळलेला माल पत्र्याच्या कपाटात पाच महिने ठेवला! साडेचार हजाराचा असो की साडेचार रुपयाचा, तो मेलाच.

एक गोष्ट विचारायची आहे. तुमच्या चिरुटांना टाचणीने टोचल्यासारखी बारीक गोल भोकं आहेत का? असतील तर सांगा, मग पुढचं लिहितो.

व्हर्नियर
मामा, कमाल केलीत. एकाला आहेत! तीन भोकं, अगदी ड्रिल मारल्यासारखी गोल. मला वाटलं पानाचीच असतील. तुम्हाला कसं कळलं?

हळदीचा मामा
कारण तो किडा आमच्या गोदामातलाच आहे. हळकुंडाला जी गोल भोकं पडतात ती ज्या भुंगेऱ्याची, इंग्रजीत त्याचं नावच सिगारेट बीटल. वाटाण्याहून बारीक, तांबूस, पाठीला कुबड असल्यासारखा. हळद, धने, तंबाखू, त्याला काही वर्ज्य नाही. अंडी मालातच असतात, उष्मा वाढला की उबतात. पंचवीस अंशांच्या वर गेलं की त्याची दिवाळी. तुमच्याकडं मे महिन्यात कपाटात किती असेल, तुम्हीच बघा.

चिरूटवाले लोक माल आधी गोठवून घेतात म्हणे, आम्ही धुरी देतो. डबा वेगळा करा, साड्यांना काही करत नाही तो.

लातूरचा काटा
मामा, मार्केटला आमच्या सोयाबीनला १२ च्या वर मॉइश्चर गेलं की भाव पाडतात. ह्यांच्या चिरुटाला म्हणे ६५ लागतं! मग आम्ही सोयाबीनच्या ऐवजी चिरूटच पेरतो.

हळदीचा मामा
अरे बाबा, १२ हे मालाच्या पोटातलं पाणी आणि ६५ हा हवेतला दमटपणा. दोन्हीची गाठ घालू नको. पण तुझा मुद्दा बरोबर आहे, भाव ठरवताना आधी मॉइश्चर बघतात अन् मग रंग. चिरुटाचा भाव विचारणारा पहिला प्रश्न ब्रँडचा करतो, तिथंच फसतो.

दुबईचा पाव्हणा
मूळ औशाचा, बारा वर्षं दुबईत. ह्या विषयावर थोडं लिहितो.

एक, डबा खरा आहे का? क्युबाच्या खऱ्या डब्यावर हिरवी सरकारी पट्टी असते, हल्लीच्या डब्यांवर होलोग्राम आणि बारकोडही असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. डब्याच्या तळाशी कारखान्याचा कोड आणि महिना-वर्ष डागलेलं असतं. काचेचं झाकण असलेला डबा कोणी दाखवला तर खुशाल हसा, तो नकलीच. बंदरावर, टॅक्सीत, हॉटेलच्या दारात "कारखान्यात माझा मेहुणा कामाला आहे" सांगणारे जे विकतात तेही तसलेच.

दोन, भारतात रीतसर आयात झालेल्या डब्यावर आपला तो तोंडाच्या रोगाचा मोठा फोटो असतो, डब्याचा ८५ टक्के भाग झाकणारा. फोटो नसेल तर माल कोणाच्या तरी बॅगेतून आलाय. बॅगेतून आणणं गुन्हा नाही, परदेशातून येताना २५ चिरूट शुल्काशिवाय आणता येतात. पण मग "दुकानात इतक्याला मिळतो" हा भाव तुमच्या डब्याला लागू नाही. त्या भावात आयात शुल्क आणि वरून जीएसटी बसलेला असतो. आपल्याकडे निजामाच्या काळात करोडगिरी नाक्यावर वसुली व्हायची, ती आता विमानतळावर होते एवढाच फरक.

तीन, एकतीसशेचा हिशोब. २०२२ मध्ये क्युबाचे चिरूट जगभर विकणाऱ्या कंपनीने (अर्धी मालकी तिथल्या सरकारची) आपल्या दोन सर्वांत महागड्या ब्रँडचे भाव सगळ्या जगात एका पातळीवर आणले. आणले म्हणजे चढवले. त्याच सप्टेंबरात इयन वादळ पिनार देल रिओ प्रांतावर आदळलं, पानं वाळवायच्या कोठ्या हजारोंनी पडल्या. क्युबातली सगळ्यांत चांगली तंबाखू तिथलीच. माल कमी, चीनची मागणी जोरात. पान तेच, कामगार तेच, भाव मात्र कुठल्या कुठे गेला. तेव्हा त्या एकतीसशेत चव थोडीच आहे, टंचाई बरीच आहे.

देगलूरी
पाव्हणं, तुमच्या क्युबाआधी आमच्याकडं चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, होता. आमच्या आजोबांची शेती तेलंगणाच्या शिवेला लागून. गोदावरी नांदेडातून पुढं जाते ती आंध्रात समुद्राजवळ बेटं करते, त्यांना लंका म्हणतात. तिथल्या गाळात पिकलेली लंका तंबाखू चुट्ट्यात भरतात. म्हणजे गंगेनं आमच्या रानातली माती तिकडं नेली अन् धूर करून परत पाठवला, असं आजोबा म्हणायचे. धोतराच्या कनवटीला चार-पाच चुट्टे खोचलेले. ना डबा, ना सुगंधी लाकडाची पेटी. खराब होण्याआधी ओढून टाकायचे, हीच साठवण. चारमिनार सिगारेट हैदराबादहून आली तेव्हा गावातल्या पोरांनी ती धरली, आजोबांनी नाही. "कागद ओढायचा असता तर वर्तमानपत्र ओढलं असतं" म्हणायचे.

भावाचं विचाराल तर आजोबा चुट्टा विकत घेताना कानाशी धरून दाबायचे. आवाज आला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला, अन् दबून परत फुगला तर पैसे द्यायचे.

पदर
देगलूरींच्या आजोबांना नमस्कार. दाबून परत फुगणं, ही खूण आजही तीच आहे.

आमचं घर पैठणचं, पैठणी विणणारं. मी स्वतः दोन वर्षं परदेशी होतो तेव्हा चिरुटाचा नाद लागला, आता सुटलाय. गिऱ्हाईक पैठणी घ्यायला आलं की जो पदर उलटा करून बघतो त्याला आम्ही मनातल्या मनात मानतो. हातमागावरची पैठणी मागून पुढून सारखी दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. चिरुटाची उलटी बाजू म्हणजे त्याचं पेटवायचं तोंड. तिथे बघा. अखंड पानं दुमडून भरली असतील तर चुण्या दिसतात, साडीच्या निऱ्यांसारख्या. चुरा भरला असेल तर वाटलेल्या मसाल्यासारखं दिसतं. चुऱ्याचा चिरूट गरम जळतो, राख पटकन गळते आणि तोंडात तुकडे येतात. खरी परीक्षा करायची असेल तर एकाचा बळी द्या, ब्लेडने उभा चिरा. आत बाहेरचं पान, मधलं बांधणीचं पान आणि भरणीची पानं वेगळी करता येतील. भरणीत खालच्या, मधल्या आणि शेंड्याच्या पानांचं मिश्रण असतं. खालचं पान नीट जळतं, शेंड्याचं कडक असतं आणि सावकाश जळतं. हे प्रमाण जमवणं, तिथे खरं कसब.

आता कडू बोलतो. मजुरी धरून भाव पटत नाही. हाताने वळणारा कारागीर दिवसाला शंभराच्या आसपास चिरूट वळतो. आठ तास धरा, एकाला पाच मिनिटं. आमच्याकडे भरीव पदराच्या एका साडीला विणकर महिनोन्‌महिने मागावर असतो. मग "हाताने बनवलेलं, म्हणून महाग" हे मला तरी सांगू नका.

व्हर्नियर
पदरराव, पाच मिनिटांचा हिशोब वाचून मी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. मग पैसे पानातच असणार ना?

पदर
काही प्रमाणात हो. तोडलेलं पान कोठीत लटकवून वाळवतात, मग ढीग रचतात. आपल्याकडे केशर आंब्याची अढी लावतो ना, तसंच. आतली उष्णता वाढली की ढीग मोडून खालचं वर करतात. त्यात अमोनिया निघून जातो. ज्याने घाई केली त्याच्या चिरुटाला गोठ्यासारखा वास येतो आणि डोळ्यांत पाणी. त्यानंतर काही वर्षं पान गाठोड्यात पडून. म्हणजे मालकाचं भांडवल अडकून. बाहेरचं पान सगळ्यांत महाग, कारण त्याला डाग, भोक, जाड शीर काहीच चालत नाही. काही ठिकाणी ते कापडाच्या मांडवाखाली पिकवतात. निवडीत किती बाद होत असेल ते तुम्ही समजू शकता, तुमच्याकडे रिजेक्शन असतंच.

एवढं सगळं चौदाशेच्या निकाराग्वातही असतं, हे मात्र लक्षात घ्या. पाद्रोनसारखी घराणी मूळ क्युबाचीच, तिकडून बाहेर पडली आणि निकाराग्वात रुजली. बी नेलं, हात नेले. "क्युबन" हे नाव तेवढं नेता आलं नाही, ते क्युबाकडेच राहिलं.

दंतवैद्य नांदेड
सगळ्या चर्चेत एक भाव राहिला, तो मी लावतो. चिरूटवाले नेहमी सांगतात, "आम्ही धूर आत घेत नाही." चिरुटाचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं, छातीत ओढायची गरजच नाही. एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. देगलूरींचा चुट्टा तर आणखी वेगळा. आंध्रच्या किनारपट्टीवर बायका तो पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, आणि टाळूचा कॅन्सर तिथे पाठ्यपुस्तकात शिकवतात. घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात, शिकताना मी ते रुग्ण चित्रांत पाहिले, गुटखा-खर्र्याचे मात्र रोज खुर्चीत पाहिले.

फुकटचा सल्ला
डॉक्टर, प्रश्न पैशाचा होता.

दंतवैद्य नांदेड
मी पैशाचंच बोलतोय. जबड्याचं ऑपरेशन फुकट होतं का? असो. वर्षाला दोन ओढणाऱ्या माणसाला मी दहा ओढणाऱ्याइतका धाक घालणार नाही. पण "महागातला असतो म्हणून निरुपद्रवी" असं मनात असेल तर काढून टाका. तुमच्या तोंडाच्या अस्तराला ब्रँडची पट्टी वाचता येत नाही.

दुबईचा पाव्हणा
व्हर्नियर, आषाढीला घरी येतोय. तुमच्याच ब्रँडचे, त्याच आकाराचे दोन आणतो, इथे नीट दमट कपाटात ठेवलेले. तोवर तुम्ही झाकणाचा हवाबंद डबा घ्या, त्यात ६५ टक्के दमटपणा राखणारं, ओलावा देणारं आणि शोषणारं दुतर्फा पाकीट टाका आणि निकाराग्वाचे एक-दोन त्यात ठेवून द्या. दमटपणा मोजायचा काटा घेतलात तर त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थेंबभर पाणी, लगद्यासारखं, आणि काट्यासोबत हवाबंद पिशवीत रात्रभर. ७५ दाखवायला पाहिजे. जेवढं कमी-जास्त दाखवेल तेवढं मनात धरा.

व्हर्नियर
(पावणेदोन महिन्यांनी)

मंडळी, परीक्षा झाली. सविस्तर लिहितो, कारण निकाल माझ्या अपेक्षेप्रमाणे लागला नाही.

काट्याने मिठाला ७१ दाखवलं, चार कमी. पाव्हणा औशाहून गाडीने आला, सोबत दोन चिरूट, प्लास्टिकच्या नळीत. मी निकाराग्वाचे दोन आणि तामिळनाडूचा एक साधा चिरूट मिळवला. ब्रँडच्या पट्ट्या बायकोने काढल्या आणि कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, अ, ब, क. कोणता कुठला हे तिने चिठ्ठीवर लिहून मसाल्याच्या डब्याखाली ठेवलं. परीक्षक तीन, मी, मेहुणा आणि सराफ कट्ट्यावरचा एक मित्र. तो स्वतःचा काटा घेऊन आला. क्युबाचा पहिला ११.९ ग्रॅम, दुसरा १०.८. एकाच डब्यातले! निकाराग्वाचे दोन ११.४ आणि ११.३.

गच्चीवर पत्र्याखाली बसलो, बाहेर भुरभुर पाऊस. नियम असा की एक तृतीयांश ओढून पुढच्याकडे द्यायचा, मध्ये पाणी आणि कोरडी भाकरी. डॉक्टरांनी वाचू नये.

क पहिल्याच झुरक्याला ओळखू आला, तामिळनाडूचा. मिरचीसारखा झोंबला. पण मेहुणा म्हणतो की पंचवीस मिनिटांसाठी वाईट नाही, आणि त्याची किंमत अख्ख्या टेबलावर सगळ्यांत कमी होती.

अ सरळ जळला. ब ओढताना गाल दुखायला लागले, शीतपेयाची दुमडलेली नळी ओढावी तसं. दोनदा विझला. तिघांनीही अ ला पहिला नंबर दिला, आणि दोघांनी तर छातीठोक सांगितलं की अ म्हणजेच क्युबा. चिठ्ठी काढली. अ निकाराग्वा, ब क्युबा. सराफ म्हणाला, "मग काय, पितळ निघालं!" पाव्हण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्याने थुंकी गिळली आणि म्हणाला, दुसरा पेटवा. दुसरा म्हणजे १०.८ ग्रॅमवाला.

आणि तो वेगळाच निघाला. सुरुवातीला काही नाही, नुसतं हलकं. अर्ध्यावर आल्यावर भाजलेल्या शेंगदाण्याची, मग ओल्या मातीची, मग काहीतरी गोडसर कडेने येणारी चव. निकाराग्वाचा शेवटपर्यंत एकसारखा होता, चांगल्या बँडसारखा. हा मात्र दर पाच मिनिटांनी बदलत होता. मी मान्य करतो की आजवर ओढलेल्या चिरुटांत हा सगळ्यांत चांगला. सराफही गप्प बसला, आणि तो सहसा बसत नाही.

मग पदररावांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या क्युबनचं उरलेलं खुंटुक ब्लेडने उभं चिरलं. मधोमध भरणीचं पान पिळवटून गाठ झालेली, आत देठाची काडी, सुपारी कातरल्यासारखी. तिथूनच वाट बंद. वजन जास्त का भरलं तेही कळलं. डब्यातल्या आठपैकी एक चिरला, त्यातही पिळा होता, पण सौम्य.

आता माझा हिशोब. साडेचार हजारांचा सगळ्यांत चांगला चिरूट चौदाशेच्यापेक्षा चांगला आहे, हे मी लिहून देतो. तिपटीने नाही, पण आहे. प्रश्न तो नाहीच. डब्यातला पुढचा चिरूट कोणता निघेल हे ओढेपर्यंत कळत नाही, आणि मी टूलरूमवाला माणूस. दहा जॉबपैकी पाच मापात बसले आणि पाच बाहेर गेले तर गिऱ्हाईक मला सगळ्यांत चांगल्या पाचांचा भाव देत नाही, लॉट परत पाठवतं. त्यामुळे माझ्याकडे क्युबाच्या एका चिरुटाची किंमत साडेचार हजार नाही. जो चांगला निघेल त्याचे तेवढे खुशाल द्या, पण गाठीवाल्याचेही त्यात धरा, म्हणजे एका चांगल्याला नऊ हजार. नऊ मी देणार नाही. पाव्हण्याला दुबईच्या भावात परवडत असेल तर तो जाणो.

दुबईचा पाव्हणा
दोनच नगांवर लॉट रिजेक्ट करता? हे जरा अन्याय्य आहे. पण वजनाचं मला पटलं. दुकानात हातात घेऊन एकाच डब्यातले दोन तोलून बघायचे, जड असेल तो परत ठेवायचा, हे आजवर मी केलं नव्हतं. पुढच्या वेळी तुमच्या सराफालाच नेतो.

हळदीचा मामा
माझ्या भोकवाल्याचं काय झालं?

व्हर्नियर
मामा, तो वेगळ्या बरणीत ठेवला होता. एक किडा निघाला, तुम्ही म्हणालात तसाच कुबडा. फोटो काढायच्या आत बायकोने बरणी बाहेर फेकली.

डांबरगोळीवाले जे उरलेत ते फेकायला जीव होत नाही. आईचं म्हणणं, तंबाखूच्या वासाने कसर लागत नाही, कपाटातच राहू द्या साड्यांमध्ये.

पदर
साड्यांमध्ये पैठणी असेल तर अजिबात नको. रेशमाला तंबाखूचा वास धरला की दोन उन्हाळे जात नाही. आणि वहिनींना सांगा, डांबरगोळ्याही काढा, जरीला लागल्या तर जर काळी पडते. सुती कापडात गुंडाळा, तीन महिन्यांनी घडी बदला.

व्हर्नियर
सांगितलं. "आधी तुमचे चिरूट काढा" म्हणाली.